एवढं शिकून भट्टीवर?

प्रश्न : मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. चाकणच्या एका कारखान्यात प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) बनतात. तिथे भट्टी विभागात वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळतेय. त्याची आई म्हणते, एवढं शिकवून पोराला भट्टीपुढे उभं करायचं का? काय करावं? – एक पालक, सांगली

नमस्कार. ताईंची काळजी समजते. भट्टी म्हटलं की धग आणि काजळीच आठवते. ही मात्र व्हॅक्यूम भट्टी असते. जाड पोलादी पिंप, आतली हवा पंपांनी ओढून घेतलेली. कामगार बाहेर बसून तापमानाचा आलेख बघतो.

आत काय घडतं ते घरी सांगा. जेमतेम ०.३-०.४ मिमी जाडीच्या स्टेनलेस पत्र्यावर प्रेसने माशाच्या काट्यासारखी नक्षी उठवतात. असे पत्रे एकाआड एक फिरवून रचतात, मध्ये तांब्याचा कागदासारखा पातळ पत्रा. ही चळत ११०० अंशांच्या आसपास तापवतात. तांबं १०८५ अंशांना वितळतं, स्टेनलेस तसंच राहतं. मग वातीत तेल चढावं तसं तांबं नक्षीच्या प्रत्येक टेकलेल्या ठिकाणी ओढलं जातं. थंड झाल्यावर सगळे सांधे एकदम पक्के! गॅस्केट नाही, बोल्ट नाही. मला या कामाचं फार कौतुक आहे.

पण आत थोडी हवा राहिली, तर पत्र्यावर ऑक्साइड धरतं आणि तांबं पसरत नाही. हे सांधे बाहेरून दिसत नाहीत, नग उघडूनही बघता येत नाही. म्हणून हेलियम भरून गळती तपासतात. मालाचा भरवसा भट्टी सांभाळणाऱ्यावर असतो, त्यामुळे हे काम शिकलेल्याला किंमत आहे.

तेव्हा जाऊ द्या. रात्रपाळी असेल, ती तयारी ठेवा. सही करण्याआधी त्याने एवढं विचारावं : गळती चाचणीवर काही महिने मिळतील का? नापास नग कापून तपासतात, तिथे बसू देतील का? ज्या नगातून अमोनिया खेळणार, त्याच्या सांध्यांना तांब्याऐवजी निकेल वापरतात, कारण अमोनिया तांबं खातो. तसं काम तिथे होतं का? वर्षभर नुसत्या चळती उचलायला लावणार असतील, तर दुसरीकडे बघा.

पुढे डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेश घेता येतो. भट्टीची गोडी लागली, तर मेकॅनिकलचा हट्ट सोडून धातुशास्त्राचा विचार करा. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत ती शाखा आहे.