वाचकांचे प्रश्न : जड धातू, शुक्राणू आणि एनजीएफ

प्रश्न : मी काही वर्षे शिशाच्या बॅटऱ्या बनवण्याच्या कामावर आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत शुक्राणूंची संख्या कमी आढळली. 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' (एनजीएफ) हे प्रथिन जननग्रंथींतही असते आणि जड धातूंमुळे त्याचे कार्य बिघडते, असे वाचनात आले. चेतातंतूंच्या प्रथिनाचा प्रजननाशी काय संबंध? त्याची पातळी मोजून शिशाचा परिणाम समजेल का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. पहिला प्रश्न मात्र सविस्तर उत्तराच्या योग्यतेचा आहे.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ मध्ये ज्या शोधांसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत एनजीएफचा शोध प्रमुख होता. चेतापेशींवरील परिणामावरून त्याचे नाव पडले असले, तरी त्याचा वावर तेवढ्यापुरता कधीच नव्हता. बैलाच्या वीर्यात तर ते विपुल प्रमाणात असते. लामा आणि अल्पाका या प्राण्यांत मादीचे बीजांड समागमानंतरच अंडाशयातून सुटते. नराच्या वीर्यातील जो घटक हे घडवून आणतो, तो एनजीएफच असल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. त्याच्यामुळे मादीच्या रक्तातील ल्युटिनायझिंग हॉर्मोन वाढते आणि बीजांड सुटते. स्त्रियांमध्ये बीजांड सुटण्यासाठी समागमाची गरज नसते, म्हणून हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही वृषण आणि अंडाशय यांच्या पेशींत हे प्रथिन आणि त्याचे ग्राही (त्याचा संदेश स्वीकारणारे पेशींवरील घटक) आढळतात, आणि पेशींची वाढ व टिकाव यांच्याशी त्याचा संबंध दिसतो.

आता धातूंकडे वळू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चेतापेशींसारखे रूप घेणाऱ्या पेशींवर मिथिल पाऱ्याचा (पाऱ्याच्या एका विषारी संयुगाचा) प्रयोग केला असता, एनजीएफचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीचे काम मंदावते आणि पेशींना फुटणारे तंतू खुंटतात, असे दिसले आहे. वृषणातही असेच घडत असावे, ही शंका रास्त आहे. परंतु काचपात्रातील पेशींवरून थेट माणसाच्या वंध्यत्वाचे निदान करणे ही फार लांबची उडी होईल, आणि आपण वाचलेल्या मजकुरात बहुधा तीच मारलेली असावी.

शिशाचा उपद्रव समजण्यासाठी एनजीएफचा आधार घ्यावा लागत नाही. शुक्राणूतील डीएनए घट्ट बांधून ठेवणाऱ्या प्रोटामिन प्रथिनातील जस्ताची जागा शिसे घेऊ शकते आणि ती बांधणी बिघडते. कॅडमियम वृषणातील रक्तवाहिन्यांवर आणि शुक्राणूंच्या पेशींना रक्तापासून वेगळे राखणाऱ्या अडथळ्यावर आघात करते. उंदरांना आधीच जस्त दिले, तर कॅडमियममुळे होणारी ही हानी बऱ्याच अंशी टळते, हे १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे. मात्र त्यावरून जस्ताच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण त्या प्रयोगांत जस्ताने हानी रोखली होती, झालेली हानी भरून काढली नव्हती. धूम्रपान करत असाल, तर कॅडमियमचा तो एक मोठा स्रोत आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आपण रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी आणि आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, पण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे राहते व हळूहळू रक्तात परतत असते; म्हणून एकाच अहवालावर विसंबू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होण्यास आणखी काही दिवस, त्यामुळे शिशाचा संपर्क थांबल्यावर वीर्याची फेरतपासणी तीन महिन्यांपूर्वी करण्यात फारसा अर्थ नाही. शरीरातील धातू बाहेर काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. कामाचे कपडे आणि पादत्राणे घरी आणू नयेत, कारण त्यांवरची धूळ घरातील गर्भवती स्त्रीला आणि लहान मुलांना आपल्यापेक्षाही अधिक घातक ठरते.