विहिरीच्या पाण्यातील आणि मातीतील कीटकनाशकांचे अंश ग्लुकोमीटरसारख्या उपकरणाने बागेतच तपासता येतील का?

नाशिककडील आपल्या द्राक्षबागेतील विहिरीचे पाणी व माती, रक्तातील साखर तपासावी तशी पट्टीवर तपासता येईल का, असे आपण विचारले आहे. मी विद्युतरासायनिक संवेदकांवरच काम करते. पाण्यासाठी माझे उत्तर ‘काही औषधांपुरते होय’ असे आहे. मातीचे काम बरेच अवघड आहे.

या संवेदकांपैकी सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकरावर (एन्झाइमवर) चालतो. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर बसवलेल्या या विकराला ॲसिटिलथायोकोलिन दिले की त्यापासून थायोकोलिन तयार होते आणि त्याचे इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होताना वाहणारा प्रवाह मोजता येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील हेच विकर निकामी करतात. म्हणून पट्टी काही मिनिटे दूषित पाण्यात ठेवली की प्रवाह घटतो. अर्थात येथे विष थेट मोजले जात नाही, त्याचा परिणाम मोजला जातो. त्यामुळे औषध कोणते हे कळत नाही, आणि बोर्डो मिश्रणातील (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकातील) तांबे पाण्यात उतरले असेल तर त्यानेही प्रवाह घटू शकतो. शिवाय क्लोरपायरिफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट मूळ रूपात या विकराला फारसे अडवत नाही, त्याचे ऑक्सॉन (ऑक्सिडीकरणाने बनणारे रूप) झाल्यावरच अडवते. म्हणून नमुन्याचे आधी ऑक्सिडीकरण करावे लागते.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. द्राक्षावर सर्वाधिक फवारणी बुरशीनाशकांची होते, आणि बहुतेक बुरशीनाशके किंवा इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक या विकराला दिसतच नाही. पट्टीने ‘काही नाही’ म्हटले तरी पाणी पिण्याजोगे ठरत नाही. इमिडाक्लोप्रिडच्या नायट्रो गटाचे क्षपण आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे ऑक्सिडीकरण इलेक्ट्रोडवर विकराशिवाय थेट मोजता येते, पण त्यासाठी व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज बदलत नेऊन प्रवाह मोजणे) करणारे निराळे उपकरण लागते.

संवेदनशीलतेचा विचार औषधागणिक करावा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, तर मोनोक्रोटोफॉसची केवळ १ मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघात कोणत्याही एका कीटकनाशकासाठी ती सर्वसाधारणपणे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. लिटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत ओळखणारी पट्टी भारतीय मर्यादेनुसार क्लोरपायरिफॉससाठी पुरेशी, मोनोक्रोटोफॉससाठी निरुपयोगी. विक्रेता सांगतो तो आकडा ऊर्ध्वपातित पाण्यातला की विहिरीच्या पाण्यातला, हे अवश्य विचारावे.

काळ्या मातीतील चिकणकण व सेंद्रिय पदार्थ अनेक औषधे घट्ट धरून ठेवतात. माती पाण्यात ढवळून वरचे पाणी तपासले तर केवळ सुटा अंश कळतो. एकूण अंशासाठी ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकाने निष्कर्षण करावे लागते, तो द्रावक विकराला बाधतो, म्हणून अर्क पातळ करावा लागतो, आणि पातळ केला की अंश पट्टीच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. माती मी तरी प्रयोगशाळेतच पाठवीन.

आपण गेल्या दोन हंगामांत फवारलेल्या औषधांची यादी आधी काढा. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट वा कार्बामेट असतील तरच विकराची पट्टी घ्या, ती थंड जागी ठेवा आणि प्रत्येक वेळी त्या औषधांपासून मुक्त असल्याची खात्री असलेले पाणी तुलनेसाठी तपासा. पावसाळ्यापूर्वी व पहिल्या मोठ्या पावसानंतरचे आकडे ताडून पाहण्यास ती उपयोगी पडेल. प्रवाह स्पष्ट घटला, तर तेच पाणी गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत एलसी-एमएस/एमएस तपासणीला (प्रत्येक औषध वेगळे ओळखून मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा, आणि सोबत ती यादीही द्या.