आईने वयोगटात रेकॉर्ड केलाय, तो अधिकृत कसा करून घ्यायचा?

काकूंनी ६१ व्या वर्षी पुण्यातल्या रेसमध्ये १०के (१० किलोमीटर) ५४ मिनिटांत मारली, खायचं काम नाहीये, आधी त्यांना माझा नमस्कार सांगा. पण आयोजक जो रेकॉर्ड म्हणतायत तो त्यांच्या रेसपुरता. बाहेर मान्य व्हायचा तर रेस अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनच्या परवानगीने झालेली लागते आणि रूट मान्यताप्राप्त माणसाने सायकलवर मोजलेला लागतो, गार्मिनच्या जीपीएस घड्याळाचा किंवा गाडीच्या मीटरचा आकडा कोणी धरत नाही.

मी एकदा अशा मोजणीला मदतीला गेलो होतो, पहाटे साडेतीनला. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं छोटं यंत्र) लावतात, आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर चार फेऱ्या मारायच्या, रूट मोजून झाला की परत चार, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि आकडा सरकतो. वळणावर कडेपासून फक्त ३० सेंमी सोडून चालवायची. वर किलोमीटरला १ मीटर जास्तीचा ठेवतात म्हणजे १०केला १० मीटर, चुकून रूट कमी भरू नये म्हणून. एवढं सगळं करून रेसच्या दिवशी मेट्रोच्या कामामुळे यू-टर्नच्या जागी ठेवलेला ट्रॅफिकचा शंकू (कोन) अलीकडे आणून ठेवला, रूट कमी भरला आणि त्या दिवशीचे सगळे टायमिंग रेकॉर्डसाठी बाद! मला अजून वाईट वाटतं त्याचं.

उतारही बघतात, किलोमीटरला सरासरी १ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे कात्रजच्या बोगद्यापासून स्वारगेटपर्यंत कितीही जोरात पळा, उपयोग नाही. बोस्टन मॅरेथॉनला २०११ मध्ये केनियाचा जेफ्री मुताई २:०३:०२ पळाला, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा फास्ट, तरी रूटमुळेच मान्य नाही झाला.

मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्या वयाच्या धावपटूंच्या वयोगटांत, वय रेसच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे जन्मदाखला आत्ताच शोधून ठेवा. फौजा सिंग १०० व्या वर्षी टोरांटोला मॅरेथॉन पळाले, पासपोर्ट होता पण जन्मदाखला नाही म्हणून गिनीजने नोंद केली नाही.

आणि चिप टाईम (स्वतः स्टार्ट लाईन ओलांडल्यापासूनचा) नाही, गन टाईम (स्टार्टचा इशारा झाल्यापासूनचा) धरतात! काकूंचे ५४ यातले कुठले ते आधी सर्टिफिकेटवर बघा. पुढच्या रेसचे पैसे भरायच्या आधी आयोजकांकडे रूटचं मोजणी सर्टिफिकेट मागा, पाच वर्षांच्या आतलं, आणि स्टार्टला काकूंना घोळक्यात मागे राहू देऊ नका.