सांगाडा बघून रोग कसा कळतो?

प्रश्न : सर, आमच्या तेरला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती उकरली की खापरं निघतात, लहानपणापासून बघतोय. पण हजारो वर्षांच्या सांगाड्यावरून माणसाला कुठला रोग होता हे कसं काय कळतं? मांस तर उरलेलंच नसतं.
– एक वाचक, तेर, जि. धाराशिव

उत्तर : दादा, लई चांगला प्रश्न विचारलात. सगळे रोग हाडावर दिसत नाहीत, कॉलऱ्यात माणूस दोन-चार दिवसांत जातो, मग हाड बदलायला वेळच मिळत नाही. पण टीबी अन् कुष्ठरोग वर्षानुवर्षं अंगात राहतात. टीबीत मणके खचून कुबड येतं. कुष्ठरोगात नाकाच्या भोकाची धारदार कड झिजून गोल होते, टाळूला बारीक खड्डे पडतात. उदयपूरजवळ बालाथलला असाच कुष्ठरोगाचा एक सांगाडा मिळाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे लोक त्या खोदकामात होते, सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा पुरुष, त्यावरचा अभ्यास २००९ साली छापून आला. त्याला दगडी आवारात शेणाच्या राखेत पुरलं होतं, हे वाचून मला खरंच गलबलून आलं. आता दातातून जंतूचा डीएनएपण काढतात, प्लेगचा तसाच सापडलाय. म्हणून पांढरीत हाड दिसलं तर उचलू नका, धुऊ तर अजिबात नका, आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.