वहिनींना खरचटलंही नाही, मग क्लेम कसला?

वहिनींना बसलेल्या मानसिक धक्क्याची भरपाई मागता येईल का, हे विचारणारं तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबलो. अपघाताला चार महिने होऊन गेले, पण आपल्या मुलाचं त्या दिवशीचं दप्तर वहिनींनी अजून उघडलेलं नाही. डंपरने मुलाला उडवलं तेव्हा त्या दोन पावलांवर होत्या. मुलाचा पाय जुळला, शाळा सुरू झाली. वहिनींना मात्र झोप नाही, रस्ता ओलांडता येत नाही, नोकरी बिनपगारी रजेवर. डंपरच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, 'मॅडमना कुठे लागलंय?'

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ मध्ये 'शारीरिक इजा' असे शब्द आहेत आणि कंपनीचा वकील तिथेच बोट ठेवणार. आपलं म्हणणं असं, की मेंदू शरीरातच असतो, म्हणून मनाचा आजारही शारीरिक इजाच. पण नुसतं दुःख, धसका पुरत नाही; मानसोपचारतज्ज्ञाने निदान केलेला आजार लागतो. फॅमिली डॉक्टरच्या झोपेच्या गोळ्यांवर भागवू नका.

इंग्लंडमध्ये १९८२ च्या मॅक्लॉफ्लिन खटल्यातली आई अपघाताच्या जागी नव्हतीच. सुमारे दोन तासांनी तिने हॉस्पिटलात घरच्यांची अवस्था पाहिली, तरी तिचा हक्क मान्य झाला. १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर मात्र तिथल्या कोर्टाने दोर आवळला: जिव्हाळ्याचं नातं हवं, माणूस तिथे किंवा लगेच नंतर पोचलेला हवा, डोळ्याकानांनी अनुभवलेलं हवं. टीव्हीवर पाहणाऱ्यांना काही मिळालं नाही. वहिनी यात चपखल बसतात. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला चालतात.

२०१९ साली वहिनींनी डिप्रेशनची औषधं घेतली होती, हे सांगावं का, असं तुम्ही विचारता. सांगा. लपवलेलं उलटतपासणीत निघालं तर खरंही खोटं वाटतं. असं दृश्य पाहून धडधाकट आईही कोलमडली असती, हे पटलं की जुनं दुखणं ड्रायव्हरला वाचवत नाही. रकमेत थोडी काटछाट होऊ शकते.

त्यांचा अर्ज मुलाच्या अर्जात घुसडू नका, वेगळा करा. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन. तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्येही (अशा दाव्यांच्या न्यायाधिकरणात) तो दाखल करता येतो. एफआयआरमध्ये जखमी म्हणून एकट्या मुलाचं नाव आहे. वहिनी तिथे होत्या हे पोलिसांच्या कुठल्या कागदात आहे, ते आधी शोधा. नसेल तर प्रत्यक्षदर्शी म्हणून त्यांचा जबाब नोंदवून घ्यायला तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. आणि दप्तराची गोष्ट शपथपत्रात त्यांच्याच शब्दांत येऊ द्या, मी लिहून देणार नाही.