दीडशे युनिटांची रेघ आणि गीझरची निवड

स. न. वि. वि.

इंदूरच्या सुदामानगरातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. अठरा वर्षे चाललेल्या २५ लिटरच्या गीझरची टाकी आता गळू लागली आहे आणि आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: ८,००० रुपयांचा विजेचा गीझर, ६,५०० रुपयांचा गॅस गीझर, किंवा फिटिंगसह २४,००० रुपयांचा सोलर वॉटर हीटर. सोलर घ्यायचा झाल्यास सासूबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल, आणि तसे करावे का, असे आपण विचारले आहे. आपण पत्रासोबत मागच्या हिवाळ्याची बिलेही जोडलीत, हे फार बरे झाले. त्या बिलांवाचून मी कदाचित चुकीचा सल्ला दिला असता.

ऑक्टोबरचे आपले बिल ९७ युनिटांचे आणि अवघ्या शंभर रुपयांचे आहे. नोव्हेंबरात १३८ युनिट झाले, बिल ४२० रुपये आले. डिसेंबरात १६७ युनिट झाले आणि बिल एकदम १,३१० रुपयांवर गेले. म्हणजे वापर २९ युनिटांनी वाढला आणि खर्च ८९० रुपयांनी. याचे कारण गीझरमध्ये नाही, मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत आहे. २०१९ मध्ये इंदिरा गृह ज्योती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिले १०० युनिट शंभर रुपयांत मिळतात. १५० ची रेघ ओलांडली की ही सवलत संपूर्ण जाते आणि पहिल्या युनिटापासून पूर्ण दर लागतो. तेव्हा आपल्या घरापुरता प्रश्न ‘कोणता गीझर स्वस्त’ असा नसून ‘डिसेंबर आणि जानेवारीत वीस युनिट कसे वाचतील’ असा आहे.

आता गरम पाण्याला मुळात किती वीज लागते, ते पाहू. एक युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. चौघांच्या चार बादल्या, म्हणजे सुमारे ८० लिटर पाणी, १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायचे तर रोज दोन युनिटांहून थोडी अधिक वीज पुरते, आणि दोन किलोवॉटचा गीझर त्यासाठी एकूण तासभर चालतो. आपण मात्र लिहिता की पहाटे पाचला लावलेले बटन दहापर्यंत चालूच असते, कारण सासरे सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करतात. त्या मधल्या वेळात जुनी टाकी उष्णता गमावते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. गळतीवाटे तापलेले पाणीही वाया जाते, ते वेगळेच.

दुकानदार गीझरवरील तारे दाखवतात, पण तारे कशाचे ते सहसा सांगत नाहीत. पाणी तापवताना विजेची जवळजवळ सगळीच उष्णता पाण्यात उतरते, मग गीझर एका ताऱ्याचा असो की पाच. तारे मोजतात ते तापलेले पाणी टाकीत नुसते राहिले असता किती उष्णता बाहेर जाते ते. ज्या घरी बटन पंधरा मिनिटे आधी लावून लगेच बंद करतात, तिथे पाच ताऱ्यांसाठी फार जास्त पैसे मोजण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे मात्र सर्वांच्या वेळा सारख्या नाहीत, म्हणून ते पैसे उपयोगी पडतील.

गॅस गीझर हिशेबात वाईट नाही. चौघांच्या पाण्याला रोज सुमारे २०० ग्रॅम गॅस लागेल. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर महिन्याला ३८० रुपये होतात, आणि विजेचे बिल पुन्हा शंभराच्या घरात येते. तरीही मी तो आपल्यासाठी नाकारतो. आपल्या न्हाणीघराला एकच लहान झरोका आहे आणि थंडीत तोही बंद ठेवता, असे आपणच लिहिले आहे. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या गच्चीत बसवून नळ आत आणता आला असता तर गोष्ट वेगळी होती. आपल्या घराच्या रचनेत ते शक्य दिसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या दोघांच्या जिवापुढे दीड हजाराची बचत मी मांडूच शकत नाही.

सोलरबद्दल मला आस्था आहे, आणि इंदुरात ऊनही भरपूर असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे विक्रेत्याचे म्हणणेही खरे आहे. पण आपल्याकडे गरम पाणी जेमतेम चार महिने लागते. वापर १५० च्या आत ठेवणाऱ्या विजेच्या गीझरशी तुलना केली तर सोलर महिन्याला सव्वातीनशे, म्हणजे वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास वाचवेल. त्यासाठी १६,००० रुपये जास्त घालायचे, म्हणजे मुद्दल निघायलाच बारा वर्षे; शिवाय तेवढ्या रकमेचे मुदत ठेवीवरील व्याज बुडेल. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडला आणि दोन दिवस आभाळ राहिले की विजेची सोय हवीच. आपल्या टाकीत नर्मदेच्या पाण्यात बोरिंगचे पाणी मिसळते, तेव्हा नळ्यांत क्षार साचेल तो खर्चही धरावा लागेल. घरात सात-आठ माणसे असती, किंवा बिल बाराही महिने १५० च्या वर जात असते, तर मी सोलरच सुचवला असता.

म्हणून ठेव मोडू नये. मुदतीपूर्वी मोडल्यास बँक बहुधा व्याजदर कमी करते, पण त्याहून मोठे कारण म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलणे आपल्या हाती नसेल. ‘बिनव्याजी’ हप्त्यांची योजनाही नको; प्रक्रिया शुल्क आणि रोखीवरची हुकलेली सूट मिळून व्याज तिथे येतेच.

महाराणी रोडवर चार दुकानांत भाव विचारून १५ लिटरचा, पाच ताऱ्यांचा, आयएसआय खुणेचा विजेचा गीझर घ्यावा. आंघोळी बादलीने आणि एकामागून एक होतात, तेव्हा २५ लिटरची गरज नाही. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी दर वर्षी तपासून घ्यावी, कारण बोरिंगचे पाणी आधी तिला खाते आणि ती संपली की टाकीला. शक्य तेवढे नर्मदेचे पाणी वरच्या टाकीत साठवून गीझरला तेच द्यावे. थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवावा. सासऱ्यांची तयारी असेल तर त्यांनी आंघोळ दुपारी बाराला करावी: गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी तोवर उन्हाने कोमट झालेले असते, थंडीही ओसरलेली असते, आणि त्यांच्यासाठी बटन दहापर्यंत चालू ठेवावे लागत नाही. तात्पुरती सोय म्हणून बादलीत रॉड टाकण्याचा विचार आपण लिहिला आहे, तो कृपा करून सोडून द्यावा.

डिसेंबरच्या रीडिंगनंतर पंधराव्या दिवशी मीटर पाहावा. ७५ युनिटांच्या पुढे आकडा गेला असेल तर उरलेल्या पंधरवड्यात हात आखडता घेता येईल; आणि सगळे करूनही जानेवारीत रेघ ओलांडलीच, तर ते बिल मला अवश्य पाठवावे. तेव्हा फ्रिज आणि पाण्याच्या मोटारीचा वापर तपासू.