एका ‘सेट’चे अर्थ किती?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. इंग्रजीच्या धड्यांत ‘सेट’ हा शब्द दर वेळी निराळ्याच अर्थाने येतो आणि ती गोंधळून जाते. इंग्रजीत सर्वाधिक अर्थ याच शब्दाला आहेत, हे खरे का? एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ येतात कुठून, आणि ते मुलांना शिकवावेत कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण ऐकले ते बरीच वर्षे खरे होते. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तीत ‘सेट’ या क्रियापदाच्या ४३० अर्थच्छटा नोंदवलेल्या असून ही एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ या क्रियापदावर सुमारे नऊ महिने खर्च केले आणि त्याच्या ६४५ अर्थच्छटा निघाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पहिला मान ‘रन’कडे गेला. अर्थात हे आकडे मोजणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतात. नळाचे पाणी वाहते आणि सर्दीने नाकही वाहते. दोन्हीकडे इंग्रजीत ‘रन’च येतो, पण हा एक अर्थ धरायचा की दोन, हे ठरवणे सोपे नाही.

‘सेट’चे मूळ मात्र मराठी वाचकाला चटकन उमगण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीतील ‘सेट्टान’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे आपल्या ‘बसणे’वरून झालेले ‘बसवणे’च. हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, सोनार अंगठीत खडा बसवतो; इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘सेट’ चालतो. एखादी वस्तू तिच्या जागी नीट स्थिर करणे हा मूळ अर्थ एकदा हाती आला, की पुढचे अर्थ त्यातूनच फुटलेले दिसतात : ताटे-वाट्या जागच्या जागी ठेवणे म्हणजे टेबल मांडणे, काटे हव्या त्या वेळेवर आणणे म्हणजे गजर लावणे, पातळ पदार्थ स्थिरावणे म्हणजे दही लागणे. सूर्य खाली जाऊन मावळतो, तेव्हाही इंग्रज ‘सेट’च म्हणतो.

चहाच्या कपबश्यांचा सेट मात्र या घराण्यातला नाही, निदान पूर्णपणे नाही. ‘संच’ या अर्थाचे नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून, म्हणजे अनुयायांच्या समूहावरून, आले, पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचाच भाऊबंद. उच्चार सारखा पडल्याने दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि अर्थांचा गुंता वाढला.

आता शिकवण्याविषयी. अर्थांची यादी पाठ करून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, गाडी लागली, तो माझा मामा लागतो, ही वाक्ये आपली मुलगी लहानपणापासून न अडखळता बोलत आली आहे, कारण ‘लागणे’ तिला नेहमी भूक, ठेच, निकाल अशा सोबत्यांसह भेटले. सुटे कधी भेटलेच नाही. ‘सेट’ही तसाच भेटू द्यावा. वहीत ‘सेट म्हणजे अमुक’ असे न लिहिता ‘सेट द टेबल’, ‘सेट द अलार्म’, ‘द सन सेट्स’ असे तुकडे धड्यातल्या वाक्यासह लिहावेत. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘असाइड’ ही शेपटे जोडून होणारी क्रियापदे तर स्वतंत्र शब्दच समजावीत. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, हे ‘सेट’ आणि ‘ऑफ’ यांच्या अर्थांची बेरीज करून सुचणार नाही.

प्रश्न : निवडणुकीसाठी ‘स्टँड’ योग्य की ‘रन’? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही योग्य आहेत. ब्रिटिश उमेदवार निवडणुकीला ‘स्टँड’ होतो, अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो. आपण मराठीत ‘उभे राहणे’ म्हणतो, ते ब्रिटिश प्रयोगाशी जुळते. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत ‘कॉन्टेस्ट’ अधिक रूढ आहे.